पिवळट क्रीम की मातकट क्रीम?

भिंतींना क्रीम द्यायचं एवढं ठरलं की काम संपलं असं वाटतं. खरी डोकेदुखी तिथून पुढे असते, कारण शेड कार्डावर क्रीमच्या नावाखाली एकमेकांशी अजिबात न पटणारे रंग शेजारी बसलेले असतात. उबदार म्हणवणाऱ्या क्रीमची माझ्या मते दोन घराणी. एक पिवळ्याकडे झुकणारं, हलकं, पांढऱ्याला खेटून असलेलं. दुसऱ्यात पिवळ्याबरोबर तांबूस-तपकिरी झाक असते आणि ते जरा गडद असतं. मी त्यांना पिवळट आणि मातकट म्हणतो. ‘मातकट’ कानाला बरं वाटत नाही, पण डब्यावरच्या गोंडस नावांपेक्षा त्यातून रंग लवकर कळतो.

मी आधी सगळ्या घराला पिवळट दिला होता. दीड वर्षाने हॉल आणि झोपायची खोली मातकट केली. पॅसेज राहून गेला तो राहिलाच. त्यामुळे हॉलमधून आत जाताना दोघांची तुलना रोज आपोआप होते.

पिवळटची बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. तो उजेड देतो. शेड कार्डाच्या मागे बऱ्याचदा एलआरव्ही नावाचा आकडा असतो, रंग किती प्रकाश परत फेकतो ते सांगणारा. 0 म्हणजे सगळा प्रकाश गिळणारा काळा, 100 म्हणजे सगळा परत फेकणारा पांढरा. माझ्या पिवळटचा आकडा 83 होता, मातकटचा 71. कागदावर हा फरक फार वाटत नाही. प्रत्यक्षात मातकट दिल्यापासून संध्याकाळी हॉलमधला दिवा माझ्या अंदाजाने दहा-पंधरा मिनिटं आधी लागतो. घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण वाचत बसणाऱ्याला ते जाणवतं. खोली लहान असेल आणि खिडकी एकच, तर ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

मग बदलला का? स्विचबोर्डामुळे.

रंग वाळून जेमतेम तीन आठवडे झाले असतील. एक नातेवाईक आले, सोफ्यावर टेकले, हॉलभर नजर फिरवली आणि अगदी आपुलकीने म्हणाले, “आता रंग काढायला झालाय तुमचा.” मी “हो ना” म्हणालो. दुसरं काय म्हणणार? ते गेल्यावर मी भिंतीसमोर उभा राहिलो. कुठे डाग नाही, ओल नाही, पोपडे नाहीत. तरी भिंत कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या कागदासारखी पिवळी पडल्यागत दिसत होती. आणि त्या पिवळेपणाच्या मधोमध स्विचबोर्डाची पांढरीशुभ्र पट्टी. सहज तळहात त्या बोर्डावर ठेवला, तर भिंत नवी दिसली. हात काढला, पुन्हा जुनी. हे मी चार-पाच वेळा केलं. घरातल्यांनी काय चाललंय म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनाही करून दाखवलं.

डोळा समोरचा सगळ्यात शुभ्र पांढरा धरतो आणि बाकीचं त्याच्याशी ताडून पाहतो. पिवळट क्रीम पांढऱ्याच्या इतकं जवळ असतं की तो त्याला वेगळा रंग मानतच नाही, मळलेला पांढरा मानतो. त्यातून हल्लीचं पांढरं प्लास्टिक बऱ्याचदा किंचित निळसर असतं, ते शेजारचा पिवळा आणखी उठवतं. एकदा हे दिसलं की मग सगळीकडे दिसायला लागतं: छताची कड, दाराची चौकट, खिडकीची पांढरी फ्रेम. पांढरी दारं तेलाच्या रंगाची असतील तर तीही काही वर्षांत पिवळी पडतात आणि भांडण आपोआप मिटतं, पण तेवढी वाट कोण पाहणार!

मातकटच्या बाबतीत हे झालं नाही. तेच बोर्ड, तेच छत. फक्त भिंत एवढी वेगळी झाली की डोळ्याने मुकाट्याने मान्य केलं, हा रंग आहे, मुद्दाम दिलाय. त्यानंतर ‘कधी काढणार’ कोणी विचारलं नाही. ‘कोणती शेड’ हे मात्र दोघांनी विचारलं.

हे सगळं माझ्या घरापुरतं, हेही कबूल करतो. तुमची दारं लाकडी रंगाची असतील, बोर्ड हस्तिदंती असतील आणि छतालाही तेच क्रीम द्यायची तयारी असेल, तर माझी तक्रार उरतच नाही. शुभ्र पांढरं काही शेजारीच नसेल तर पिवळट फार प्रसन्न दिसतो. मी स्वतः बोर्डाच्या पट्ट्या बदलून पाहिल्या. निम्मं दुखणं गेलं, छत मात्र तसंच राहिलं.

दिव्यांचंही बघायला हवं. 6500 केल्विनच्या थंड पांढऱ्या ट्यूबखाली माझा पिवळट हिरवट व्हायचा. क्रीम बनवताना पिवळ्याचा भडकपणा मारायला थोडा काळा घालतात, आणि पिवळ्यात काळा गेला की तो हिरव्याकडे सरकतो. तांबूस रंगद्रव्याचा थेंब ते सरकणं थोपवतो, आणि मातकटमध्ये तोच असतो. 2700-3000 केल्विनच्या उबदार दिव्यात दोघंही छान दिसतात, पण रोज रात्री ट्यूबच लागणार असेल तर पिवळटला माझ्याकडून जरा कमी गुण.

मातकट निर्दोष आहे असं नाही. मावळतीचं ऊन थेट भिंतीवर आलं की अर्धा तास तो चक्क गुलाबी होतो. बायकोला ते आवडतं, मला नाही. तपकिरी लाकडी कपाट त्याच्यापुढे ठेवलं तर कपाट आणि भिंत एकमेकांत बुडतात, त्यामुळे आम्हाला पडदे तरी वेगळे घ्यावे लागले. शिवाय शेड कार्डावरच्या छोट्या चिपवर दिसतो त्यापेक्षा भिंतीवर तो एक पायरी गडद वाटतो, कारण चारही भिंती एकमेकींवर रंग उडवत असतात. दोन शेडमध्ये अडलात तर फिकी घ्या. हे मी रंगाऱ्याचं न ऐकता शिकलो.

मॅट (बिनचमकीचा) की सॅटिन (किंचित चमकणारा) हा वाद वेगळा आहे, त्यात शिरत नाही. एवढंच, की बोर्डाभोवती हात लागतातच, आणि मॅट भिंत घासून पुसली की तिथे चकाकणारा पट्टा उमटतो. मातकटवर हाताचे डाग उशिरा दिसतात, म्हणून पुसणंही कमी होतं.

ठरवण्याआधी एक करा. दोन फुटांचा पुठ्ठा घ्या, त्याला आधी प्रायमर आणि मग शेडचे दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या. जुन्या भिंतीच्या मधोमध पट्टा मारून पाहू नका. आजूबाजूचा जुना रंग हमखास फसवतो. पुठ्ठा स्विचबोर्डाला चिकटवून धरा, मग दाराच्या चौकटीला, मग वर छताच्या कोपऱ्यात. हे सकाळी करा, दिवेलागणीला करा, रात्री ट्यूब लावून करा. मी पहिल्या वेळी शेड निवडली ती दुकानाच्या काउंटरवर, जिथे शेजारी शुभ्र पांढरं काहीच नव्हतं.

पॅसेजचं अजून ठरलेलं नाही. खिडकी नसल्यामुळे तिथे पिवळटचा उजेड खरंच उपयोगी पडतो, म्हणून दर वेळी राहून जातं. पाहुणे आले की तिथली ट्यूब मात्र मी सहसा लावत नाही.