शॅडो बॉक्स फ्रेम: गोल्फ, धंदा आणि घर एका चौकटीत

गेलेल्या माणसाच्या वस्तू काचेमागे मांडण्यासाठी ज्या खोल फ्रेम मिळतात, त्यांतल्या बहुतेक गोल्फ खेळणाऱ्याच्या कामाच्या नसतात. कारण अगदी साधं आहे. नियमाप्रमाणे गोल्फच्या चेंडूचा व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही आणि अनेक तयार फ्रेमची आतली खोली 25 ते 30 मिलिमीटरच असते. वर्णनात दिलेलं माप पुष्कळदा बाहेरचं असतं. त्यातून काच, माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) आणि पाठीचा बोर्ड वजा केला की उरते ती खरी खोली. चेंडू ठेवायचा असेल तर आत निव्वळ 50 मिलिमीटर मिळतात का, हे मागवण्याआधी विचारून घ्या. टोपी अख्खी ठेवायची तर तेवढ्यानेही भागत नाही.

नुसते फोटो आणि कागद लावायचे असतील तर तयार फ्रेम पुरते. पण चेंडू, ग्लव्ह, पेन, पदक असं सगळं एकत्र मांडायचं असेल तर मापाने करून घेतलेलीच घ्यावी. साधारण 40 बाय 50 सेंटिमीटरच्या फ्रेममध्ये सहा-सात वस्तू नीट दिसतात. त्याहून जास्त भरल्या तर बघणाऱ्याची नजर कुठेच ठरत नाही.

तयार फ्रेमची दुसरी उणीव पाठीत असते. ती बहुधा एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाची असते आणि एमडीएफमधून आम्लयुक्त वाफा सुटत राहतात. बंद खोक्यात त्या कागदाला पिवळं करतात, धातूला काळं पाडतात. तयार फ्रेमच घ्यायची असेल तर निदान आतला बोर्ड बदलून ॲसिड-फ्री बसवून घ्या. काचेऐवजी यूव्ही (अतिनील किरण) अडवणारं ॲक्रिलिक, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिक, आम्हाला जास्त पसंत आहे. या मापाची 2 मिलिमीटर काच सुमारे एक किलो भरते, ॲक्रिलिक त्याच्या निम्मं. खोट एकच: ॲक्रिलिकवर स्थिर वीज साठते आणि पेन्सिलीची सुटी भुकटी त्याकडे ओढली जाते. म्हणून पेन्सिलीने लिहिलेलं स्कोअरकार्ड (खेळातले फटके नोंदवायचं कार्ड) त्याच्या अगदी जवळ येऊ देऊ नका.

स्कोअरकार्डाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. फ्रेम करून देणारे आधी करंडक आणि पदकं मागतात. चारचौघांत रमणाऱ्या माणसाची ओळख मात्र कार्डातच जास्त असते. स्ट्रोक प्ले, म्हणजे एकूण फटके मोजायच्या स्पर्धेत खेळाडूचे फटके तो स्वतः लिहीत नाही, त्याचा मार्कर लिहितो. हा मार्कर बहुधा सोबत खेळणाराच असतो, आणि शेवटी दोघांच्या सह्या होतात. म्हणजे घरी जपलेल्या कार्डावर अक्षर मित्राचं आणि सही गेलेल्या माणसाची असण्याची शक्यता मोठी. त्याच्या अक्षरातली कार्डं मित्रांच्या कपाटात सापडतील. शिवाय मैत्रीच्या फेरीत चौघांचे आकडे एकच जण लिहितो, तो तोच असेल तर एका कार्डावर चारही नावं त्याच्या हातची मिळतात. फ्रेम मागवण्याआधी त्याच्या नेहमीच्या साथीदारांना एकेक फोन जरूर करावा. असं एक कार्ड तीन पदकांपेक्षा जास्त बोलतं.

कार्ड मिळालं की दोन्ही बाजू 600 डीपीआयने स्कॅन करा. फ्रेममध्ये प्रत लावा, मूळ कार्ड ॲसिड-फ्री पाकिटात ठेवा. पेन्सिल उजेडाने उडत नाही, पण बॉलपेनची सही उडते. फोटोंचंही तसंच, प्रतच लावावी. दमट हवेत फोटो काचेला चिकटला की सोडवताना चित्राचा थरच निघून येतो, म्हणून मध्ये काही मिलिमीटरची पट्टी हवी. घरचा फोटो निवडताना मैदानावरचा टाळावा असं आमचं मत आहे. गोल्फ बाकीच्या वस्तू सांगतातच. घरात तो कसा बसायचा, नातवंडं कुठे चढायची, हे त्या फोटोतून कळू दे.

धंद्याच्या वस्तूंपैकी पहिलं व्हिजिटिंग कार्ड आणि सहीचं लेटरहेड पुरेसं होतं. कंपनीचा रबरी शिक्का आत ठेवू नका. रबरातून गंधक सुटतं आणि शेजारचं चांदीचं पदक काळवंडतं. शिक्क्याचा ठसा कागदावर उमटवून तो लावा. पेन ठेवायचं असेल तर आधी शाई काढून ते धुऊन कोरडं करा. घड्याळातला सेल काढा, नाहीतर तो गळून आतली यंत्रणा खराब करतो.

चामड्याच्या ग्लव्हमध्ये घाम मुरलेला असतो, तो सुकून बोटं कडक होतात. आत ॲसिड-फ्री टिश्यू भरून हाताचा आकार द्या आणि सुती दोऱ्याने बोर्डावर टाके घाला. गोंद लावू नका. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा ग्लव्ह डाव्या हाताचा असतो. मांडणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो दुसऱ्या हाताचा समजून उलटा लावून मोकळा होतो, आणि खेळणाऱ्या मित्रांना ते पहिल्या नजरेत खटकतं.

चेंडू चिकटवण्यात सर्वात जास्त चुका होतात. गरम गोंद उन्हाळ्यात मऊ पडतो आणि चेंडू निसटून काचेवर आदळतो. 46 ग्रॅमपर्यंतचं वजन असतं, तेवढ्याने ॲक्रिलिकला चरा जातो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही नको, त्यातलं ॲसिटिक आम्ल धातूला गंज आणतं. पारदर्शक कडं किंवा वाटी बोर्डाला स्क्रूने बसवून त्यात चेंडू ठेवणं उत्तम. कुठे चिकटवावंच लागलं तर न्यूट्रल (आम्ल न सोडणारं) सिलिकॉन वापरा आणि दोन-तीन दिवस सुकू दिल्यावरच पाठ बंद करा. चेंडूवरचा लोगो किंवा गेलेल्या माणसाने केलेली खूण समोर येईल असा चेंडू फिरवून घ्या.

पटर, म्हणजे चेंडू खड्ड्यात ढकलायची काठी, आत बसवायचा आग्रह काही जण धरतात. त्याची लांबी 86 ते 89 सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणून फ्रेमवाला दांडा कापायला सुचवतो. कापू नका. घरात किंवा मित्रांत कुणी खेळत असेल तर त्याच्या बॅगेत तो जाऊ द्या. बॅगेतल्या 14 क्लबची (गोल्फच्या काठ्यांची) मर्यादा सांभाळून एक जागा करता येते.

ऑर्डर देताना पाठ स्क्रूने उघडणारी हवी, असं स्पष्ट लिहून द्या. पिना ठोकून किंवा कागद चिकटवून बंद केलेली पाठ पुन्हा उघडताना फाटते, आणि मित्रांकडून एखादी वस्तू नंतरही येतेच. मांडणी आधी टेबलावर आतल्या मापाचा कागद पसरून करा, वरून फोटो काढा आणि तोच फ्रेमवाल्याला पाठवा. जड वस्तू खाली, कडेपासून चार सेंटिमीटर मोकळे. टांगायला मागच्या दोन बाजूंना एकेक डी-रिंग (डी आकाराची धातूची कडी), वरून एक तृतीयांश अंतरावर, आणि भिंतीत दोन स्क्रू. खालच्या कोपऱ्यांना रबरी गुट्ट्या लावल्या की मागून हवा खेळते. बाहेरच्या दमट भिंतीवर किंवा थेट ऊन येणाऱ्या खिडकीसमोर फ्रेम लावू नका.