गिमसनच्या म्हणून घेतलेल्या सहा खुर्च्या

लाज वाटतेय लिहायला पण लिहितोच, कारण इकडे यूकेत घर घेतलं की आपल्यातले बरेच जण जुनं फर्निचर ऑनलाइन शोधायला लागतात आणि मी त्यात १,८५० पाउंडला मस्तपैकी गंडलोय.

मी ग्लॉस्टरशायरमध्ये राहतो. चेल्टनहॅमच्या म्युझियममध्ये आर्ट्स अँड क्राफ्ट्सचं (मशीनपेक्षा हातकामाला मान देणारी जुनी इंग्लिश चळवळ) मोठं कलेक्शन आहे, तिथे त्या शिडीसारख्या पाठीच्या खुर्च्या बघितल्या आणि डोक्यातून जाईचनात. अॅशचं लाकूड, बैठक लव्हाळ्यासारख्या पाणगवताच्या दोरीने विणलेली, बाकी नक्षी वगैरे काही नाही. अशा खुर्च्यांचा अर्नेस्ट गिमसन म्हणून आर्किटेक्ट-डिझायनर होता, तो १८९० मध्ये हेरफर्डशायरमधल्या बॉस्बरी गावात फिलिप क्लिसेट नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या कारागिराकडे जाऊन खुर्च्या बनवायला शिकला. आर्किटेक्ट माणूस खेड्यात जाऊन पायाने चालवायच्या लेथवर राबतो, हेच मला एवढं भारी वाटलं की पुढचं सगळं वाचून काढलं. आणि वाचलं म्हणजे आपल्याला कळतं असं वाटायला लागलं, तिथेच माती खाल्ली.

मग ऑनलाइन एक अॅड दिसली, त्यात लिहिलेलं, गिमसन, सहाचा सेट, आजीचं घर रिकामं करतोय. विक्रेत्याने २,४०० सांगितले, मी घासाघीस करून १,८५० वर आणला, वर बायकोला फुशारक्या मारल्या. संध्याकाळी दुसरा कोणीतरी बघायला येतोय म्हणाला म्हणून घाईघाईत बँक ट्रान्सफर करून टाकला. व्हॅनने आणून दिल्या तेव्हा अंधार पडलेला. प्रत्येक सीटखाली गिमसनच्या नावाची छोटी पितळी पट्टी होती, ती बघून तर मी खूशच. आता कळतंय की त्या पट्टीनेच कान टवकारायला हवे होते, गिमसनच्या खुर्च्यांवर सहसा नावबिव नसतंच.

दीड महिन्याने बाबा आले. बाबा सावंतवाडीचे, लहानपण चितारआळीत लाकूड कातताना बघण्यात गेलेलं. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या हातून चहा सांडला सीटवर, मी फडक्याने पुसायला गेलो तर फडकं तपकिरी झालं आणि दोरीचा पीळ सुटून चक्क कागद हातात आला. ब्राऊन पेपर! बाबा म्हणाले, "अरे पुरात लव्हाळे वाचतात म्हणतात, हे तर कपभर चहात गेलं." मग त्यांनी खुर्ची उलटी केली. मी दीड महिन्यात एकदाही नीट उलटी करून बघितली नव्हती, पट्टी बघायला नुसता वाकलो होतो तेवढंच. खालून दोरी वरच्यासारखीच एकसारखी, गुळगुळीत, टोकं स्टेपलरने ठोकलेली. खऱ्या गवताची दोरी विणता विणता हाताने वळतात, ती कुठे जाड कुठे बारीक असते, खालच्या बाजूला गवताचे तुकडे कोंबलेले दिसतात.

पायांचं तर अजून भारी. या खुर्च्यांचे पाय ओल्या लाकडाचे काततात, आणि लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही, त्यामुळे जुना पाय किंचित लंबगोल होतो. डोळ्याला कळत नाही पण कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) लावला की लगेच कळतं. बाबांनी लावायला लावला. माझे चोवीसच्या चोवीस पाय ठणठणीत गोल! आणि झीज म्हणाल तर समोरच्या खालच्या दांडीवर टाचा घासून वरच्या बाजूला पडायला हवी, इथे चारी दांड्या चहूबाजूंनी पॉलिशपेपरने घासलेल्या, मागची सुद्धा. मागच्या दांडीवर पाय कोण ठेवतं हो?

बँकेला फोन केला. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ट्रान्सफरमधल्या फ्रॉडचे पैसे परत देण्याचा नियम आहे ना, त्या भरवशावर होतो. ते म्हणाले खुर्च्या तुम्हाला मिळाल्यात, त्यामुळे हा विक्रेत्याशी वाद झाला, फ्रॉड नाही. क्रेडिट कार्डने दिले असते तर वस्तूची किंमत १०० पाउंडच्या वर आणि ३०,००० पर्यंत असली की कार्ड कंपनीलाही जबाबदार धरता येतं, पण विक्रेता "माझ्याकडे कार्ड मशीन नाही" म्हणाला आणि मी मान डोलावली. त्याच्या अजून अशाच अॅड होत्या, म्हणजे तो धंदेवाला निघाला, आणि धंदेवाल्याकडचा माल वर्णनासारखा नसेल तर ३० दिवसांत सरळ परत करता येतो. माझे पंचेचाळीस झाले होते. त्यानंतरही हक्क राहतो, स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांसाठी कोर्टात, १०,००० पाउंडपर्यंत जाता येतं, पण नोटीस पाठवायची कुठे? पावतीवरच्या पत्त्यावर जाऊन आलो, तिथे कार वॉश आहे.

चार खुर्च्या गॅरेजमध्ये आहेत, दोन बाबांनी खऱ्या गवताने विणायला घेतल्यात, म्हणतात लाकूड काही वाईट नाही रे. काल त्याच फोटोतली तीच भिंत परत दिसली, परत सहाचा सेट, या वेळी आजीऐवजी मावशी आहे. रिपोर्ट केलीय, पण आत्ता लिहिताना बघितलं तर अॅड अजून आहे आणि खाली कोणीतरी विचारलंय, पाच नाहीतर चारच मिळतील का.