आहेराचे टॉवेल घेताना गठ्ठ्याच्या मधला टॉवेल काढून बघा

लग्नात मानपानाला टॉवेल-टोपी लागतेच. भाचीच्या लग्नासाठी आम्ही डझनाच्या गठ्ठ्यांनी टॉवेल घेतले, तेही एका मंगल कार्यालयात लागलेल्या सेलमधून. बाहेर मोठा फलक होता: 'अस्सल सोलापुरी, हातमागाचे, थेट विणकराकडून'. विक्रेत्याने गठ्ठ्यावरचा टॉवेल उलगडला, त्यावर पाणी शिंपडलं. क्षणात मुरलं. भावही बरा वाटला.

लग्नानंतर व्याह्यांनी हसत हसत सांगितलं, "तुमचा टॉवेल अंगावरचं पाणी पुसत नाही हो, नुसतं पसरवतो." मेल्याहून मेल्यासारखं झालं. उरलेले गठ्ठे उघडून पाहिले, तर प्रत्येकात वरचा आणि खालचा टॉवेल सुती, मधले सगळे पॉलिस्टर मिसळलेले!

विक्रेत्याला फोन केला, तर म्हणाला, "ताई, दोन-तीन धुण्या पडू द्या, मग शोषेल." फसवणुकीतली खरी हुशारी इथे आहे, कारण हे अर्धं खरं असतं. नव्या सुती टॉवेलवरही मऊपणासाठी सॉफ्टनर चढवलेला असतो, तो धुण्यात निघतो आणि टॉवेल पाणी प्यायला लागतो. पॉलिस्टर मात्र कितीही धुवा, पाणी पीत नाही. शेवटी एक धागा ओढून जाळला. सुती धागा कागदासारखा जळतो, राख बोटात विरते. हा वितळला आणि त्याचा कडक काळा मणी झाला. त्यानंतर विक्रेत्याचा फोन बंद.

'हातमागाचे' हीसुद्धा थापच. सोलापूरचा टेरी टॉवेल सर्रास यंत्रमागावर निघतो. उभ्या धाग्यांचे दोन संच, एक ताणलेला आणि एक सैल; सैल धाग्यांचे लूप उभे राहतात आणि पाणी धरतात ते हेच लूप. या टॉवेलला भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे त्या भागाच्या मालालाच ते नाव लावायचा अधिकार आहे, सोलापुरी चादरीलाही आहे. पण फलकावर 'सोलापुरी' लिहायला कोणाला काय लागतं?

गठ्ठा उघडून मधला टॉवेल स्वतः निवडा, पाणी त्याच्यावर टाका. जो गठ्ठा उघडू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. आणि पक्कं बिल मागा. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, पण तक्रार कोणाविरुद्ध ते सांगावं लागतं. आमच्या पावतीवर ना दुकानाचं नाव, ना पत्ता, ना जीएसटी नंबर. नुसतं 'टॉवेल' आणि खाली रक्कम.