‘सहा बबून’ मॉडेल-संच: पाच बरोबर, एक घुसलेला

सोलापूरच्या नवी पेठेत शैक्षणिक साहित्याच्या दुकानांत सहा बबूनांचा (लांब मुस्कटाच्या मोठ्या माकडांचा) हा पीव्हीसी संच ६८० रुपयांना मिळतो. शाळेसाठी घ्यायला हरकत नाही, फक्त वर्गात न्यायच्या आधी त्यातला एक प्राणी बाजूला काढा. निळ्या-लाल नाकाचा तो मँड्रिल आहे. पूर्वी त्याची गणना बबूनांत व्हायची, आता त्याची प्रजाती (genus, जवळच्या जातींचा गट) वेगळी मानतात. तो कॅमेरून-गॅबॉनकडच्या दाट जंगलात राहतो आणि त्याची शेपटी म्हणजे नुसता खुंट. खरी सहावी जात किंडा, सगळ्यांत लहान. झांबिया, अंगोला आणि काँगोत आढळते. ती खोक्यात नाहीच.

उरलेले पाच (ऑलिव्ह, चकमा, गिनी, हमाद्रियास आणि पिवळा बबून) मात्र जीव लावून घडवलेत, आणि ते सर्वांत जास्त दिसतं शेपट्यांत. ऑलिव्ह बबूनची शेपटी बुडाशी वर उठते आणि थोड्याच अंतरावर मोडल्यासारखी खाली वळते. मॉडेलमध्ये ही मोड अगदी जागेवर आहे. चकमाचीही तशीच, शिवाय त्याचं लांब, खाली झुकलेलं मुस्कट आणि काळपट हातपाय नीट उतरलेत. गिनी आणि हमाद्रियास यांच्या शेपटीला मोड नसते, ती कमानीसारखी वळते. इथेही चूक नाही. हमाद्रियास नराची रुपेरी आयाळ आणि गुलाबी चेहरा लगेच ओळखू येतो. पिवळा बबून सडपातळ, लांब पायांचा, पोटाकडे फिकट.

मागून बघा. ढुंगणावरचे घट्टे नरात एकमेकांना जुळलेले असतात, मादीत वेगळे. पाचही मॉडेलांत ते जुळलेले आहेत, म्हणजे संच निव्वळ नरांचा. ही मोठी उणीव आहे. हमाद्रियासची मादी वजनाने नराच्या निम्मीच, तपकिरी आणि बिनआयाळीची असते. हा फरक मुलांना दिसणारच नाही. प्रमाणाचंही तेच: खोक्यावर १:२० छापलंय, पण चकमा आणि हमाद्रियास एकाच उंचीचे. चकमाचा नर ३० किलोच्या वर जाऊ शकतो, हमाद्रियास त्याच्यापुढे बराच लहान.

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या पुढे गेला की हे पीव्हीसी मऊ पडतं आणि ऑलिव्ह बबून पुढच्या पायांवर वाकतो. पत्र्याच्या छताखालच्या कपाटात किंवा खिडकीत ठेवू नका. वाकलाच तर पाय गरम (उकळतं नव्हे) पाण्यात मिनिटभर बुडवा, सरळ करून धरा आणि तसेच थंड पाण्यात घाला. सुळ्यांवरचा पांढरा रंग आधी निघतो. बारीक ब्रशने ॲक्रिलिकचा एक हात पुरतो. सुळे जपा, कारण नराचा वरचा सुळा खालच्या उपदाढेवर (सुळ्यामागच्या दातावर) घासून धारदार राहतो, आणि तोंड उघडं असल्याने इथे ते छान दाखवता येतं.

सोबतचं मराठी पत्रक बदलाच. त्यात बबून ‘फक्त आफ्रिकेत’ असं लिहिलंय, पण हमाद्रियास येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातही आहे. शिवाय बबूनला काळ्या तोंडाच्या वानराचा जवळचा नातलग म्हटलंय. तो जवळचा आहे आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडाला: दोघांच्याही गालांत अन्न साठवायच्या पिशव्या असतात. वानराला त्या नसतात, त्याचं पोट पानं पचवण्यासाठी कप्प्याकप्प्यांचं असतं. शाळेच्या आवारात दोन्ही येत असतील तर मॉडेल हातात देऊन हे तिथल्या तिथे दाखवता येईल.

घेताना खोकं दुकानातच उघडून शेपट्या बघा. ऑलिव्हची मोडीपाशीच तुटते आणि चिकटवली की कोन बदलतो.