सेफ्टी दार: बाहेर उघडणारं, आत उघडणारं की चॅनल गेट?

फ्लॅटला जाळीचं सेफ्टी दार लावायचं ठरलं की घरात चर्चा होते डिझाइनची, रंगाची आणि लॉकची. दार कुठे उघडणार हे मात्र फॅब्रिकेटर टेप लावता लावता ठरवून टाकतो, आणि बहुतेक वेळा तो ‘बाहेर’च म्हणतो. कारण चौकटच तशी असते. तिला दोन खाचा असतात: आतल्या खाचेत घरात उघडणारं लाकडी दार आणि बाहेरच्या खाचेत जाळीचं. बाहेरच्या खाचेतलं दार बाहेरच उघडणार. ते आत उघडायचं असेल तर वेगळी लोखंडी चौकट घालावी लागते, म्हणजे खर्च वाढतो.

आधी मजबुतीचं बघू. बाहेर उघडणाऱ्या दाराला लाथ मारली तर ते चौकटीवरच दाबलं जातं. आत उघडणाऱ्या दारावर तोच धक्का लॅचच्या जिभेवर आणि ती ज्या पट्टीत शिरते त्या पट्टीच्या स्क्रूंवर येतो. स्क्रू आखूड असतील तर लॉक कितीही महागडं असो, पट्टी उखडते. इथे बाहेर उघडणारं दार सरस.

पण त्याच्या बिजागऱ्या पॅसेजमध्ये उघड्या पडतात. साधी पिन ठोकून वर काढली की लॉकला हातही न लावता दार बिजागरीच्या बाजूने सुटतं. म्हणून पिनची टोकं वेल्ड करून घ्या. बिजागरीच्या बाजूला दोन-तीन खुंट्याही हव्यात. दार बंद असताना त्या चौकटीतल्या भोकांत बसतात, मग पिन गेली तरी दार हलत नाही. दुसरी कमजोर जागा लॅचजवळची फट. तिथे पहार घालता येऊ नये म्हणून फट झाकणारी लोखंडी पट्टी दाराला बाहेरून लावतात. लॅचभोवतीच्या जाळीमागे पत्रा हवाच. जाळीतून हात घालून आतला नॉब फिरवणं फार अवघड नसतं, आणि पत्रा लावायला पैसेही फारसे लागत नाहीत.

खरी अडचण पॅसेजची. साडेचार फुटी पॅसेजमध्ये सव्वातीन फुटी दार काटकोनात उघडं राहिलं तर जायला सव्वा फूट उरतो. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ च्या आवृत्तीत (२०१६ मध्ये तिच्या जागी नवी आली) निकासाचं, म्हणजे बाहेर पडायचं दार बाहेरच्या दिशेला उघडावं, पण ते उघडल्यावर जिन्याची किंवा लँडिंगची आवश्यक रुंदी ९०० मिलिमीटरपेक्षा कमी होऊ नये, असं म्हटलं होतं. इमारतीच्या मधून कॉरिडॉर जात असेल तर खोल्यांची दारं आतच उघडावीत, असंही त्यात होतं. आग लागल्यावर अंधारात, धुरात माणसं त्याच वाटेने धावणार, हे यामागचं कारण. दार पूर्ण उलटून भिंतीला टेकत असेल तर प्रश्न बराच सुटतो. पण चौकट भिंतीत खोल बसलेली असेल तर दार साधारण काटकोनात अडतं. हे टेपने आधीच मोजता येतं. समोरच्या शेजाऱ्यांचं दारही बाहेर उघडत असेल तर दोन्ही दारं एकाच वेळी उघडून बघा. सोसायटीची परवानगी लेखी घ्या.

आत उघडणाऱ्या दाराने पॅसेज मोकळा राहतो, बिजागऱ्या घरात सुरक्षित राहतात, उंबऱ्यावरची रांगोळीही पुसली जात नाही. किंमत आत मोजावी लागते. नव्या चौकटीने दाराची रुंदी तीन-चार इंच कमी होते, आणि पुढचा फ्रिज आणताना ते इंच आठवतात. दोन्ही दारं एकाच बाजूला वळायला हवीत आणि त्यांच्या हँडलांना एकमेकांपासून जागा हवी. शिवाय कुणी म्हातारं माणूस दारामागेच पडलं तर बाहेरून दार लोटता येत नाही. घरात एकटे आजी-आजोबा असतील तर माझ्या मते हा मुद्दा निर्णायक आहे.

चॅनल गेट, म्हणजे बाजूला सरकवलं की लोखंडी पट्ट्या गोळा होणारं दार, जुन्या इमारतींत दिसतं. त्याला कुठलीच बाजू अडवावी लागत नाही, हा एक गुण. बाकी गोळा झालेल्या पट्ट्या दाराची रुंदी खातात, खालच्या रुळात कचरा साठतो, त्यात पाय अडकतो, चाकाची खुर्ची अडते आणि रात्री उशिरा येणाऱ्याची खबर मजल्यावर सगळ्यांना लागते. वरची दोन्ही दारं बसतच नसतील तरच हे घ्यावं.

माझी निवड: उघडल्यावर ९०० मिलिमीटर वाट उरत असेल किंवा दार भिंतीला टेकत असेल तर बाहेर, वेल्ड केलेल्या पिनांसकट. उरत नसेल तर आत. बंगला किंवा रो-हाउस असेल तर बाहेरच, पण दारापुढे सपाट जागा हवी. दार थेट पायरीवर उघडलं तर ते ओढताना माणूस मागे पडू शकतो. कोकणातल्या वाऱ्या-पावसात उघडं दार आपटू नये म्हणून भिंतीत एक हूकही बसवून घ्या.

बिजागऱ्या शक्यतो मुख्य दाराच्याच बाजूला ठेवा, नाहीतर आत शिरणाऱ्याला दोन दारांमधून नागमोडी जावं लागतं.