५५ हजारांचा गेमिंग पीसी: एक घरी जोडलेला, एक दुकानातून आणलेला, अकरा महिन्यांनंतर

जुलै २०२४ मध्ये आमच्या नात्यात एकाच महिन्यात दोन गेमिंग पीसी आले. एक मी जळगावला घरी बसून जोडला, दुसरा माझ्या भाच्याने नाशिकच्या एका दुकानातून तयार घेतला. मॉनिटर सोडून दोघांचं बजेट ५५ ते ६० हजार. हे अनुभव जून २०२५ पर्यंतचे आहेत. या अकरा महिन्यांत दोन्ही पेट्या मी अनेकदा उघडल्या, साफ केल्या, त्यांचे भाग बदलले. "जोडू की तयार घेऊ" असं विचारणारे बरेच भेटतात आणि दोन वाक्यांत उत्तर देणं मला जमत नाही, म्हणून सगळं लिहून काढतोय.

आधी माझा हिशेब, तेव्हा मोजलेल्या पैशांत. रायझन ५ ५६०० प्रोसेसर ११,४००. बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड ६,३००. ८ जीबीच्या दोन पट्ट्या, म्हणजे १६ जीबी डीडीआर४ रॅम, ३,६००. १ टीबी एनव्हीएमई एसएसडी ५,४००. आरएक्स ६६०० ग्राफिक कार्ड २०,९००. ५५० वॉटचा ८० प्लस ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, ४,२००. पुढून जाळी असलेलं, तीन पंख्यांचं कॅबिनेट ३,४००. एकूण ५५,२००. जुन्या पीसीची विंडोजची रिटेल की (लायसन्सचा क्रमांक) होती, ती याच्यावर चालली. २४ इंची, १०० हर्ट्झचा मॉनिटर वेगळा घेतला, ९,६०० ला.

कॅबिनेट ऑनलाइन मागवलं, बाकी सगळं लॅमिंग्टन रोडवरून आणलं. रात्रीच्या गाडीने दादर, तिथून ग्रँट रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. चार दुकानं फिरलो तेव्हा एकाच ग्राफिक कार्डाच्या भावात हजाराचा फरक दिसला. दोन ठिकाणी "बिल नको असेल तर कमी करून देतो" असंही ऐकलं. जीएसटी १८ टक्के आहे, त्यामुळे मोह होतोच. मी मात्र प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल घेतलं. ते पुढे सातव्या महिन्यात कामाला आलं, त्याबद्दल नंतर लिहितो.

जोडायला चार तास लागले आणि पाचव्या तासाला कळलं की स्क्रीनवर काहीच येत नाही. पंखे फिरतायत, दिवे लागतायत, मॉनिटर काळा. नवा माणूस इथे घाबरतो, मीही घाबरलो होतो. रॅम काढून पुन्हा बसवली. केबल ग्राफिक कार्डालाच लावली आहे ना ते पाहिलं, कारण ५६०० मध्ये अंगचं ग्राफिक्स नाही आणि मदरबोर्डाच्या एचडीएमआयवर चित्र येणारच नाही. शेवटी कारण निघालं ते बायोसचं, म्हणजे पीसी सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या, बोर्डातल्याच प्रोग्रामचं. बी४५० हा चिपसेट रायझन ५००० मालिकेच्या आधीचा. बोर्ड गोदामात जुन्या बायोससकट पडून असेल तर तो नव्या प्रोसेसरला ओळखत नाही. माझ्या बोर्डाला मागे बायोस फ्लॅशबॅकचं, म्हणजे पीसी चालू न होताही बायोस बदलून देणारं बटण होतं. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केला, त्यावर नवी बायोस फाइल सांगितलेल्या नावाने टाकली, बटण दाबून पाच-सात मिनिटं थांबलो आणि पीसी चालू झाला. ते बटण नसतं तर दुसरा जुना प्रोसेसर शोधत फिरावं लागलं असतं. एएम४ चा (५६०० ज्या सॉकेटमध्ये बसतो त्याचा) बोर्ड घेणार असाल तर खोक्यावर रायझन ५००० रेडी असं स्टिकर बघा, नाहीतर फ्लॅशबॅक असलेलाच बोर्ड मागा.

आता भाच्याचा पीसी. ५८,००० ला आय५-१२४००एफ, एच६१० बोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी आणि आरटीएक्स ३०५० चं ८ जीबीचं कार्ड. जाहिरातीत एवढंच लिहिलेलं होतं आणि ते सगळं खरं होतं. पण जाहिरातीत जे लिहिलेलं नसतं, तयार पीसीचा खरा प्रश्न तिथे असतो, हे मला या वर्षात पटलं. गिऱ्हाईक प्रोसेसरचं नाव विचारतं, ग्राफिक कार्डाचं विचारतं, रॅम किती ते विचारतं. एसएमपीएस कुठला, रॅमच्या पट्ट्या किती, बोर्डाला स्लॉट किती, हे फार कमी जण विचारतात. दुकानदाराचं मार्जिन मग याच न विचारलेल्या भागांतून निघतं. त्याचाही धंदा आहे, ते समजू शकतो. पण त्याची किंमत कोण मोजतो ते पुढे दिसलं.

चौथ्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, गेम चालू केला की दहा मिनिटांनी पीसी आपोआप रीस्टार्ट होतोय. इंटरनेट, सिनेमा सगळं नीट चालतं." मी नाशिकला गेलो आणि पेटी उघडली. आत कॅबिनेटसोबत येतो तसला बिननावाचा एसएमपीएस होता. त्यावर ४५० वॉट असं छापलेलं, पण उचलून पाहिला तर वजनाला अगदी हलका. ग्राफिक कार्डाने अचानक जास्त वीज मागितली की तो मान टाकायचा. चांगल्या प्रतीचा ५५० वॉटचा बसवला, ४,१०० गेले, आणि त्या दिवसापासून रीस्टार्ट बंद. असला एसएमपीएस जाताना कधी कधी बोर्ड किंवा कार्डही घेऊन जातो. भाच्याचं तेवढ्यावर निभावलं, त्याचं मला फार बरं वाटलं.

त्याच भेटीत टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरी पाहिली. स्लॉट दोन, वापरात एक. १६ जीबीची एकच पट्टी. रॅम दोन पट्ट्यांत विभागलेली असली की प्रोसेसरला दोन वाटा मिळतात. एका पट्टीत सरासरी एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) ठीक दिसतो, पण गर्दीच्या प्रसंगी झटके बसतात, आणि त्याची तक्रार नेमकी तीच होती. तशीच दुसरी पट्टी ३,२०० ला घेतली आणि झटके जवळजवळ गेले. म्हणजे ५८ हजारांचा पीसी ६५,३०० वर पोचला. दुकानाने विंडोजही क्रॅक केलेली टाकून दिली होती. ती पुसायला लावली, कारण त्याच पीसीवर तो वडिलांच्या बँकेचे व्यवहार करतो.

माझ्याकडे रॅमची वेगळी गंमत होती. ३२०० वेगाची रॅम घेतली, पण ती २६६६ वर चालत होती. बायोसमध्ये एक्सएमपी नावाची सेटिंग चालू केल्याशिवाय तिचा पूर्ण वेग मिळत नाही, आणि पैसे मोजूनही हा वेग न वापरणारे कितीतरी जण असणार. आज घरी गेल्यावर तपासा.

खेळण्याबद्दल थोडक्यात. १०८० पी वर आरएक्स ६६०० मला पुरेसं आहे. व्हॅलोरंटला दोनशे एफपीएसच्या वर जातं, जीटीए ५ आरामात, सायबरपंक २०७७ हाय सेटिंगवर रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारी जड सेटिंग) बंद ठेवून साठच्या आसपास. मॉनिटर १०० हर्ट्झचा असल्याने मी बहुतेक गेमना १०० ची मर्यादा घालून ठेवतो, त्यामुळे कार्डही कमी तापतं. साध्या गेमिंगमध्ये ६६०० हे ३०५० च्या सरळ पुढे आहे आणि आम्ही घेतलं तेव्हा दोघांच्या भावात विशेष अंतर नव्हतं. पण भाचा अॅनिमेशन शिकतोय, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये तासन्‌तास रेंडर करतो, आणि त्या कामात एन्व्हिडियाचं कार्ड उजवं ठरतं. त्याची निवड चुकली असं मी म्हणणार नाही.

उन्हाळ्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण परदेशातल्या व्हिडिओंत वीस-बावीस अंशांच्या खोलीत चाचणी होते आणि आपल्याकडे मे महिन्यात पंख्याखालीच चाळिशी असते. ५६०० सोबत येणारा कूलर पावसाळ्यात, हिवाळ्यात उत्तम चालला. एप्रिलच्या शेवटी प्रोसेसर ८५ च्या वर जायला लागला आणि पंख्याचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू यायला लागला. या प्रोसेसरची मर्यादा ९० अंश आहे. १,८०० चा टॉवर कूलर बसवला, तर त्याच खोलीत, तोच गेम खेळताना तापमान बारा-पंधरा अंशांनी उतरलं. जुना कूलर काढताना एक गोष्ट सांभाळा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट घट्ट झालेली असेल आणि कूलर सरळ वर ओढला, तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून त्याच्यासोबत येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग पीसी बंद करून कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा.

धूळ दोघांकडे सारखीच, पण भाच्याच्या कॅबिनेटला पुढे पूर्ण काच आहे. आत रंगीत दिवे छान दिसतात आणि हवा आत जायला कडेची अरुंद फट उरते. बाजूचं झाकण उघडून गेम चालवला तर ग्राफिक कार्डाचं तापमान सात-आठ अंशांनी उतरतं, एवढं सांगितलं तरी पुरे. माझ्या जाळीतून धूळ जास्त शिरते, ती दर दीड महिन्याने ब्लोअरने काढतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

वीज जाण्याचा अनुभव आपल्या सगळ्यांनाच आहे. माझ्याकडे ६०० व्हीएचा यूपीएस होता. तो ३६० वॉट देतो आणि खेळताना माझा सगळा संच मॉनिटरसह २५० ते २८० वॉट घेतो. पाच-सहा मिनिटं मिळतात, गेम सेव्ह करून नीट बंद करायला तेवढी बास. यूपीएसपेक्षाही आधी घरचं अर्थिंग तपासून घ्या. आमच्याकडे कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत होत्या, इलेक्ट्रिशियनने अर्थिंग दुरुस्त केल्यावर थांबल्या.

आता जोडलेल्या पीसीचं जे खरं ओझं आहे, त्याबद्दल. सातव्या महिन्यात माझ्याकडे निळी स्क्रीन यायला लागली. कधी गेममध्ये, कधी नुसतं ब्राउझर उघडल्यावर. एसएसडी तपासला, ड्रायव्हर पुन्हा टाकले, विंडोज नव्याने टाकली. चार संध्याकाळी गेल्या. मग मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवलं, सकाळी स्क्रीनवर चुकांची रांग. एकेक पट्टी वेगळी लावून पाहिली, त्यात एक खराब निघाली. जळगावात त्या कंपनीचं सेवा केंद्र नाही. बिल आणि सिरियल नंबर पाठवले, पट्टी कुरियरने मुंबईला गेली आणि नवी हातात यायला १९ दिवस लागले. तोवर ८ जीबीवर काढले. पैसा एकही लागला नाही, पण शोध घ्यायचा मी, पाठपुरावा करायचा मी, वाट बघायची मी.

याउलट मार्चमध्ये भाच्याच्या बोर्डाचा आवाजाचा पोर्ट गेला, तेव्हा त्याने पेटी स्कूटरवर पुढे ठेवली, दुकानात दिली आणि दुसऱ्या दिवशी बोर्ड बदलून घरी आणली. त्याला एक शब्द समजावून सांगावा लागला नाही. ज्या दुकानदाराने एसएमपीएसमध्ये पैसे वाचवले, त्यानेच हेही केलं. दोन्ही गोष्टी मी तितक्याच मोकळेपणाने लिहितोय.

त्यामुळे मला कुणी विचारलं तर मी आधी उलट विचारतो: बिघडलं तर कोण बघणार आहे? स्वतः बघायची तयारी आणि चार संध्याकाळी असतील तर जोडा. तो पीसी तुम्हाला आतून ओळखीचा होतो, आणि पैसा कुठे घालायचा ते तुम्ही ठरवता. मी पुढे दोन-तीन वर्षांनी याच बोर्डावर आठ कोअरचा ५७००एक्स३डी बसवायचा विचार करतोय, बाकी काही न बदलता. बघणारं कुणी नसेल तर गावातल्या दुकानातून घ्या, पण यादी तुमची असू द्या. प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल लिहून न्या, जोडणीचे पाचशे-हजार आनंदाने द्या आणि पेटी समोर उघडून यादीशी ताडून पाहा. शंभरातल्या ऐंशी जणांना मी हाच तिसरा रस्ता सांगेन.

आणि २५ हजारांत "आय७, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक कार्ड" अशा ज्या जाहिराती दिसतात, त्यांच्यापासून मुलांना कळकळीने दूर ठेवा. तो आय७ बहुतेक वेळा २०१२ सालचा ३७७० किंवा त्याहून जुना असतो आणि कार्ड जीटी ७३० सारखं. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आय७ हा शब्द ऐकून आईवडील पैसे काढून देतात आणि मुलाचा पहिल्याच आठवड्यात हिरमोड होतो. असा एक मुलगा आमच्याच गल्लीत आहे.

गेल्या आठवड्यात भाचा सुट्टीला जळगावला आला होता. त्याच्या वर्गमित्राला ५० हजारांत पीसी घ्यायचाय, म्हणून आम्ही जेवणानंतर यादी करायला बसलो. मी प्रोसेसरपासून सांगायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, "मामा, थांब," आणि वहीच्या पहिल्या ओळीत त्याने एसएमपीएसचं पूर्ण मॉडेल लिहिलं.