‘द स्मॅशेस’ची अंतिम रात्र : ऑस्ट्रेलिया विरुद्ध ब्रिटन, एक परीक्षण

दोन देशांना पिंजऱ्यात समोरासमोर उभे करण्याची कल्पना यूएफसी या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या (ठोसे, लाथा आणि कुस्तीच्या पकडी अशा सर्व तंत्रांना मुभा असलेल्या खेळाच्या) संस्थेने ‘द अल्टिमेट फायटर’ या आपल्या दूरचित्रवाणी मालिकेत अनेकदा वापरली आहे. 2009 साली अमेरिका आणि ब्रिटन यांचे संघ परस्परांविरुद्ध उतरले आणि 2014 साली कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांचे. या दोहोंच्या मधला प्रयोग म्हणजे 2012 सालचा ‘द स्मॅशेस’. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन यांच्यातील या स्पर्धेची अंतिम रात्र 15 डिसेंबर 2012 रोजी क्वीन्सलँडमधील गोल्ड कोस्ट येथे पार पडली. मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये देशाविरुद्ध देश असे स्वरूप असलेल्या ज्या स्पर्धा मला ठाऊक आहेत, त्यांत ही रात्र सर्वांत फलदायी ठरली, असे माझे मत आहे. परंतु ज्या गोष्टीसाठी तिची जाहिरात झाली होती, ती गोष्ट तिथे फारच थोडी होती.

स्पर्धेचे नाव क्रिकेटमधील अ‍ॅशेसवरून बेतलेले होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. लाइटवेट (सुमारे 70 किलो) आणि वेल्टरवेट (सुमारे 77 किलो) या दोन वजनगटांतील उमेदीचे लढवय्ये दोन संघांत विभागलेले होते. ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक जॉर्ज सोटिरोपोलस हे जीलाँगचे, जिउ-जित्सूमध्ये (जमिनीवरील पकडींच्या कलेत) मुरलेले आणि एका काळी यूएफसीच्या लाइटवेट गटात वरच्या क्रमांकांकडे निघालेले. ब्रिटनचे प्रशिक्षक सुंदरलंडचे रॉस पीअरसन यांनी 2009 सालच्या अमेरिका-ब्रिटन स्पर्धेतून लाइटवेटचे विजेतेपद मिळवले होते. म्हणजे एका राष्ट्रीय स्पर्धेने घडवलेला माणूस दुसऱ्या राष्ट्रीय स्पर्धेत गुरुस्थानी आला होता, आणि मालिकेच्या आयोजकांनी केलेली ही निवड मला अतिशय योग्य वाटते, कारण अशा स्पर्धेतून पुढे काय होऊ शकते याचा पुरावाच त्या मुलांसमोर रोज उभा राहत होता.

आता अंतिम रात्रीचा कार्यक्रम नीट पाहिला, तर एक विचित्र बाब ध्यानात येते. लाइटवेटच्या अंतिम लढतीत उत्तर आयर्लंडचे नॉर्मन पार्क आणि इंग्लंडचे कॉलिन फ्लेचर हे दोघेही ब्रिटनच्याच संघाचे होते. प्राथमिक लढतींत माइक विल्किन्सन आणि ब्रेंडन लॉक्नेन हे दोन ब्रिटिश एकमेकांशी भिडले, तर बेन अ‍ॅलोवे आणि मॅन्युएल रॉड्रिगेझ हे दोन ऑस्ट्रेलियन. ऑस्ट्रेलिया विरुद्ध ब्रिटन असे ज्यांना खऱ्या अर्थाने म्हणता येईल अशा लढती त्या रात्री दोनच झाल्या, आणि त्यांचा हिशेब एक-एक असा बरोबरीत सुटला. सांघिक चुरस पाहण्याच्या अपेक्षेने बसणाऱ्याची त्यामुळे निराशा होईल. याचे कारण स्पर्धेच्या रचनेतच आहे. बाद फेरीच्या पद्धतीत एका संघाचे दोन मल्ल जिंकत गेले की अंतिम सामना आपोआप घरातला होतो, आणि देशाची चढाओढ जिथे शिगेला पोहोचायला हवी नेमकी तिथेच ती संपते. आयोजकांना हा दोष टाळता आला असता. अंतिम रात्री गुणांकनासह पाच-सहा सरळ आंतरसंघीय लढती ठेवणे काही अवघड नव्हते.

मुख्य लढतीत पीअरसन यांनी सोटिरोपोलस यांना तिसऱ्या फेरीच्या पहिल्याच मिनिटात थांबवले. घरच्या प्रेक्षकांसाठी हा निकाल कटू होता, पण अनपेक्षित म्हणता येणार नाही. सोटिरोपोलस 2011 साली सिडनीत डेनिस सिव्हरकडून आणि नंतर राफाएल दोस आन्योस याच्याकडून हरले होते, आणि त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष ते रिंगणाबाहेरच होते. ज्याचे खरे बळ जमिनीवरील पकडीत आहे अशा माणसाने पीअरसनसारख्या नेटक्या मुष्टियोद्ध्यासमोर इतका वेळ उभ्याने घालवावा, हे पाहताना आजही हळहळ वाटते. लढत म्हणून ती एकतर्फी आहे. मात्र अंतर राखून, घाई न करता समोरच्याला कसे खच्ची करावे हे शिकण्यासाठी पीअरसन यांचे त्या रात्रीचे काम जरूर पाहावे.

या रात्रीचे खरे मोल वेल्टरवेटच्या अंतिम लढतीत आहे. ऑस्ट्रेलियाच्या रॉबर्ट व्हिटकर याने ब्रिटनच्या ब्रॅड स्कॉटला तीन फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या एकमताने हरवले. व्हिटकर तेव्हा बावीस वर्षांचाही झालेला नव्हता. स्कॉट चिवट होता आणि सहज मागे हटणारा नव्हता, म्हणूनच या तरुणाची परीक्षा पूर्ण वेळ झाली. आज त्याची पुढची कारकीर्द ठाऊक असताना ही लढत पाहिली, तर पावले टाकण्याची लय आणि आत शिरून परत बाहेर पडण्याची सहजता ओळखीची वाटते, आणि अजून काय यायचे बाकी होते तेही स्पष्ट दिसते. विजेतेपदानंतर त्याची वाटचाल सरळ झाली नाही. कोर्ट मॅकगी आणि स्टीफन थॉम्पसन यांच्याकडून तो हरला, आणि 2014 च्या अखेरीस वेल्टरवेट सोडून 84 किलोच्या मिडलवेट गटात गेला. तिथून पुढचा प्रवास या खेळाच्या चाहत्यांना तोंडपाठ आहे: डेरेक ब्रन्सन आणि रोनाल्दो ‘जाकारे’ सौझा यांच्यावरील विजय, आणि जुलै 2017 मध्ये योएल रोमेरोविरुद्धचे हंगामी (म्हणजे मूळ विजेता कायम असताना दिलेले तात्पुरते) विजेतेपद. तेव्हाचे मूळ विजेते जॉर्जेस सेंट-पिएर यांनी डिसेंबर 2017 मध्ये किताब सोडल्यावर व्हिटकर पूर्ण विजेता झाला. ऑस्ट्रेलियाकडून लढणाऱ्या कोणत्याही खेळाडूने त्याआधी यूएफसीचा किताब जिंकलेला नव्हता.

आणि तरीही व्हिटकरचा जन्म न्यूझीलंडचा, आणि त्याच्या आईकडून आलेला वारसा माओरी. ऑस्ट्रेलियाचा झेंडा खांद्यावर घेऊन तो लढला आणि मनापासून लढला, यात शंका नाही. पण झेंड्यांवर आधारलेल्या स्पर्धेचा सर्वांत मोठा वारसदार दोन देशांचा असावा, याला मी या स्पर्धेची कमजोरी मानत नाही. उलट, ऑक्टोबर 2019 मध्ये मेलबर्नच्या मार्व्हल स्टेडियमवर व्हिटकर आणि नायजेरियात जन्मलेला न्यूझीलंडचा इझ्रायल अडेसान्या यांच्यातील किताबाची लढत पाहण्यासाठी 57,127 प्रेक्षक आले, आणि यूएफसीच्या इतिहासातील उपस्थितीचा तो उच्चांक ठरला. त्या लढतीत व्हिटकर हरला. गोल्ड कोस्टच्या मर्यादित सभागृहातून सात वर्षांत एवढ्या मोठ्या स्टेडियमपर्यंत पोहोचलेला हा प्रवास कोणत्याही संघगुणांच्या तक्त्यापेक्षा मला अधिक बोलका वाटतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अलेक्झांडर व्होल्कानोव्हस्कीनेही ऑस्ट्रेलियासाठी फेदरवेटचा किताब मिळवला. त्याचा ‘द स्मॅशेस’शी थेट संबंध नव्हता, पण ‘द स्मॅशेस’च्या वेळी ज्या देशात एकही विजेता नव्हता तिथे आता दोन झाले होते.

ब्रिटनच्या बाजूने सर्वांत मोठा वारसा मात्र त्या रात्री हरलेल्या माणसाकडून आला. विल्किन्सनकडून पंचांच्या निर्णयाने पराभूत झालेल्या ब्रेंडन लॉक्नेनला यूएफसीत पुन्हा संधी मिळाली नाही. 2019 साली यूएफसीच्या निवड-कार्यक्रमातील लढत जिंकूनही त्याला करार नाकारण्यात आला. त्यानंतर तो पीएफएल या दुसऱ्या संस्थेत गेला आणि नोव्हेंबर 2022 मध्ये बुबा जेन्किन्सला हरवून फेदरवेटचा विजेता आणि दहा लाख डॉलरच्या बक्षिसाचा मानकरी झाला. त्या संध्याकाळी प्रसारणाच्या सुरुवातीच्या, फारशा कोणी न पाहिलेल्या लढतीतला तो पराभूत खेळाडू दहा वर्षांनी असा परतला.

इतर लढतींबद्दल थोडक्यात. मूळचा क्यूबाचा, 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये जुदोत उतरलेला आणि नंतर ऑस्ट्रेलियाचा झालेला हेक्टर लोम्बार्ड याने ब्राझीलच्या रुसिमार पाल्हारेसला पहिल्याच फेरीत गारद केले. संपूर्ण कार्यक्रमातील सर्वांत जोरदार शेवट हाच. चॅड मेंडेसनेही आपली लढत पहिल्याच फेरीत संपवली. मात्र पाल्हारेस आणि जोई बेल्ट्रन हे दोघे नंतर उत्तेजक चाचणीत सापडले आणि बेल्ट्रनचा विजय रद्द झाला. ही बाब कार्यक्रमाच्या गुणदोषांत नोंदवणे मला आवश्यक वाटते, कारण देशाच्या नावाने प्रेक्षक जमवायचा असेल तर लढतीची शुचिता राखण्याची जबाबदारी आयोजकांवर दुप्पट येते.

2014 सालची कॅनडा-ऑस्ट्रेलिया स्पर्धा तुलनेसाठी उपयोगी आहे. तिथे दोन्ही वजनगटांचे अंतिम सामने कॅनेडियन विरुद्ध कॅनेडियन असे झाले आणि ऑस्ट्रेलियाचा पूर्ण बोजवारा उडाला. रचनेतला तोच दोष तिथे आणखी ठळकपणे दिसतो. तिथून एलायस थिओडोरो आणि ऑलिव्हिए ऑबिन-मर्सिए यांच्यासारखे चांगले लढवय्ये पुढे आले, परंतु व्हिटकरच्या तोडीचा यूएफसी विजेता त्या स्पर्धेने दिला नाही.

आज ही रात्र पाहायची असेल, तर तिला राष्ट्रीय संघर्ष समजून सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहण्याचा आग्रह मी धरणार नाही. आधी विल्किन्सन-लॉक्नेन पाहावी, मग व्हिटकर-स्कॉट सलग आणि न थांबता, आणि नंतर पीअरसन-सोटिरोपोलस. पार्क-फ्लेचर लढत संयमाची परीक्षा घेते. केवळ पार्कच्या पुढच्या कारकिर्दीत रस असणाऱ्यांनीच तिच्यासाठी वेळ काढावा.